दुधाचे दात पडणारच, मग खर्च कशाला?

अगं, सासूबाई म्हणतात ते ऐकून थांबू नको. पुढचे दात सहा-सातव्या वर्षी पडतात, हे खरं. पण दाढा 10-12 वर्षांपर्यंत राहतात. कीड लागलेली दाढ लवकर काढली की शेजारचे दात तिच्या जागेत सरकतात आणि पक्का दात वाकडा येतो.

आज उजेडात पोराचा वरचा ओठ उचलून बघ. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ असेल तर फ्लोराइड वार्निशने, म्हणजे दातावर लावायच्या फ्लोराइडच्या लेपाने, भागू शकतं. तपकिरी खड्डा पडला असेल तर त्यात दाताचं सिमेंट भरतात. कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचली असेल तर नस काढून वर स्टीलची टोपी बसवतात. चांदीसारखी दिसते, पोरं मिरवतातही! एक औषध नुसतं लावून कीड थांबवतात, पण डाग काळा पडतो, ते आधी विचारून घे.

नागपुरात मेडिकल चौकातल्या शासकीय दंत महाविद्यालयात लहान मुलांचा वेगळा विभाग आहे. सकाळीच जा, गर्दी असते. हिरडीवर पुळी किंवा गालाला सूज दिसली तर मात्र त्याच दिवशी दाखव. लवंगतेल लावत बसू नको.

आणि रात्रीची दुधाची बाटली बंद. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढीच पेस्ट, ब्रश तूच कर.