समाजवाद धरला म्हणून नवे स्वतंत्र देश मागे राहिले का?

मी निपाणीजवळच्या तंबाखूवाल्या घरातला. तुमच्या प्रश्नाला सरळ 'हो' म्हणायला जीभ रेटत नाही, कारण एकाच पाटीखाली फार वेगवेगळे माल विकले गेले.

घाना बघा. तिथले पहिले पंतप्रधान एन्क्रुमा. त्यांना धरण, कारखाने, शाळा सगळंच लगेच हवं होतं आणि पैसा होता फक्त कोकोत. स्वातंत्र्याच्या तीन वर्षं आधी, १९५४ मध्ये, जगात भाव चढलेला असताना त्यांच्या सरकारने शेतकऱ्याचा भाव ६० पौंड वजनाच्या ओझ्याला ७२ शिलिंग असा चार वर्षांसाठी बांधून टाकला. वरची रक्कम सरकारजमा. अशांती नावाच्या तिथल्या भागातले कोकोवाले खवळले. पण गंमत अशी, की कोको खरेदीचं ते मंडळ इंग्रजांनी १९४७ लाच उभं केलं होतं. एन्क्रुमांना ते आयतं मिळालं. मग दोष समाजवादाला किती द्यायचा?

आमच्याकडे तंबाखूला असं मंडळ नव्हतं, खासगी व्यापारी होता. तरी १९८१ मध्ये शरद जोशींच्या मागे शेतकरी हमरस्त्यावर बसले ते भावासाठीच. गोळीबार झाला, माणसं गेली.

जमिनीचं मात्र वेगळं. कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री देवराज अर्स यांच्या कायद्याने १ मार्च १९७४ पासून कुळाकडची जमीन सरकारात गेली आणि कुळाने सात नंबरचा फॉर्म भरून ती लवादाकडे मागायची, असं ठरलं. आजोबांना कन्नड वाचता येत नव्हतं, फॉर्म गल्लीतल्या मास्तरांनी भरून दिला. उताऱ्यावर नाव लागल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते विहिरीचं. दुसऱ्याच्या रानात विहीर कोण पाडतो?

टांझानियात राष्ट्राध्यक्ष नायरेरेंनी १९६७ ला समाजवादाचाच रस्ता धरला. शाळा वाढल्या, लोक लिहू-वाचू लागले, हे मोठंच काम. पण १९७३ नंतर विखुरलेल्या वस्त्या सक्तीने हलवून माणसं नव्या गावांत आणली, कित्येकांची शेतं लांब पडली. आजोबांना कुणी असं उठवलं असतं तर ते विळा घेऊनच पुढे आले असते.

अर्थात अर्सांचा कायदा पावला तो कुळांना. वखारीत तंबाखू चाळणाऱ्या बायकांना त्यातलं काही मिळालं नाही, त्यांच्याकडे कुळ म्हणून कसायलाही जमीन नव्हती.