हशा थांबतो तेव्हा : वाचकांचे प्रश्न, रसिकाची उत्तरे

या वेळी आलेली बहुतेक पत्रे अमेरिकी विनोदी मालिकांच्या अलीकडच्या भागांबद्दल आणि तिकीटबारीवर गाजलेल्या भव्य चित्रपटांबद्दल आहेत. काही वाचकांनी तक्रारी मांडल्या आहेत, काहींनी माझी मते खोडून काढली आहेत. निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : ‘यंग शेल्डन’ ही मालिका मी पहिल्या भागापासून पाहिली. सातव्या पर्वात शेल्डनच्या वडिलांचा, म्हणजे जॉर्जचा मृत्यू होतो, पण तो पडद्यावर दाखवलाच नाही. ज्या माणसावर इतकी वर्षे जीव लावला त्याचा निरोपही धड घेता आला नाही, याचा मला अजून राग आहे. लेखकांनी हात आखडता घेतला, असे तुम्हाला वाटत नाही का?

उत्तर : तुमचा राग खरा आहे आणि माझ्या मते तोच त्या भागाचे यश आहे. ‘द बिग बँग थिअरी’ ही मूळ मालिका २००७ मध्ये सुरू झाली आणि वडील गेले तेव्हा शेल्डन १४ वर्षांचा होता, हे प्रेक्षकांना तिच्यातूनच कळलेले होते. त्यामुळे २०१७ मध्ये ‘यंग शेल्डन’ आली तेव्हापासून जॉर्जचे मरण ठरलेलेच होते. ते कधी आणि कसे येणार एवढेच पाहायचे होते. जे आधीच ठाऊक आहे ते घडताना प्रेक्षकाला धक्का कसा द्यायचा, हा पटकथालेखनातला अत्यंत अवघड प्रश्न आहे. आपण सारे रुग्णालयातल्या खाटेची, मुलाच्या हातात दिलेल्या हाताची आणि शेवटच्या शब्दांची वाट पाहत बसलो होतो. लेखकांनी यातले काहीही दिले नाही. जॉर्ज नेहमीसारखा घराबाहेर पडतो, जाताना सहज निरोप घेतो आणि शेल्डन स्वतःच्याच नादात असतो. भागाच्या शेवटी घरची मंडळी एकत्र छायाचित्र काढण्यासाठी ठेवणीतले कपडे घालून त्याची वाट पाहत असतात, दार वाजते आणि उंबऱ्यात त्याच्याऐवजी त्याच्या शाळेतले दोन सहकारी उभे असतात. तिथेच भाग संपतो. तो ९ मे २०२४ रोजी प्रसारित झाला आणि पुढचे, अखेरचे दोन भाग १६ मे रोजी आले. मधला आठवडा ज्यांनी काढला त्यांना ती पोकळी नेमकी कशी असते, हे सांगायला नको.

खरी ताकद मात्र त्याच्या पुढच्या भागात आहे. अंत्यसंस्काराची तयारी सुरू असताना शेल्डन त्या शेवटच्या क्षणाकडे पुन्हा पुन्हा परत जातो आणि वडील दारातून बाहेर पडत असताना आपण काय म्हणायला हवे होते, हे मनातल्या मनात रचून पाहतो. घर तेच असते, दार तेच असते, बदलते ते फक्त त्याचे वाक्य. घरातले माणूस अचानक गेलेल्या कोणालाही हे दृश्य परके वाटणार नाही. मृत्यू पडद्यावर दाखवला असता तर आपण जॉर्जसाठी रडलो असतो आणि मोकळे झालो असतो. तो न दाखवल्यामुळे आपल्यालाही शेल्डनसारखेच त्या दाराशी परत जावे लागते. विनोदी मालिकेत इतके संयमित लेखन मी फार थोड्या वेळा पाहिले आहे. अगदी अखेरच्या भागात प्रौढ शेल्डन आत्मचरित्र लिहिताना दिसतो, ती दृश्ये मला थोडी जास्तीची वाटली, कारण आधीच्या भागाने न बोलता जे पोहोचवले होते तेच ती शब्दांत सांगतात. पण तक्रार तेवढीच.

प्रश्न : त्याच कुटुंबाची कथा पुढे नेणाऱ्या ‘जॉर्जी अँड मँडीज फर्स्ट मॅरेज’ या मालिकेत प्रत्येक वाक्याला हशा ऐकू येतो. ‘यंग शेल्डन’मध्ये तो नव्हता. हसायचे कुठे, हे आम्हाला कोणी का सांगावे?

उत्तर : या दोन मालिकांची घडणच वेगळी आहे. ‘यंग शेल्डन’ चित्रपटासारखी, म्हणजे एका वेळी एका कोनातून आणि समोर प्रेक्षक न बसवता चित्रित होत असे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेली नवी मालिका स्टुडिओत बसलेल्या प्रेक्षकांसमोर, एकाच वेळी अनेक कॅमेऱ्यांनी चित्रित होते. ही पद्धत रुळवण्याचे मोठे श्रेय १९५१ मध्ये सुरू झालेल्या ‘आय लव्ह लूसी’ या मालिकेला जाते. तिचे छायाचित्रकार कार्ल फ्रॉइंड यांनी तीन कॅमेरे एकाच वेळी चालतील आणि समोरच्या प्रेक्षकांनाही नाट्य नीट दिसेल, अशी प्रकाशयोजना बसवली होती. तेव्हा ऐकू येणारा हशा त्या प्रेक्षकांचाच होता. यंत्रातला हशा निराळा. चार्ली डग्लस या ध्वनितंत्रज्ञाने टंकलेखनयंत्रासारख्या कळा असलेली एक पेटी तयार केली होती. कळ दाबली की वेगवेगळ्या तऱ्हेचे हसू निघे आणि ते किती वेळ टिकवायचे, हे पायाखालच्या पट्टीने ठरे.

तुमचा आक्षेप या पेटीवर असेल तर मी पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे. पण जिवंत प्रेक्षकांच्या हशाबद्दल माझे मत वेगळे आहे, कारण तो नटाचे काम बदलून टाकतो. समोरची माणसे हसत असतात तेव्हा नटाला पुढचे वाक्य रोखून धरावे लागते, भूमिकेतून बाहेर न पडता ते एक-दोन सेकंद भरून काढावे लागतात आणि हशा ओसरायला लागला, पण पुरता विझला नाही, अशा नेमक्या घडीला बोलावे लागते. शेल्डनच्या थोरल्या भावाचे, जॉर्जीचे काम करणारा माँटाना जॉर्डन आधी सात वर्षे शांत सेटवर काम करून आलेला आहे. नव्या मालिकेचे सुरुवातीचे भाग पाहताना त्याच्या या थांबण्याकडे मुद्दाम लक्ष द्या. तो खाली पाहतो, ओठ मिटतो आणि मग बोलतो. ते शिकत असलेला नट आपल्याला समोर दिसतो आणि मला ते पाहणे फार आवडते.

हशाच्या संदर्भात ‘मॅश’चा उल्लेख करायलाच हवा. कोरियातील युद्धात आघाडीजवळच्या लष्करी रुग्णालयात घडणारी ही मालिका १९७२ ते १९८३ अशी चालली. निर्मात्यांना ध्वनिमुद्रित हशा नको होता, वाहिनीला तो हवाच होता. शेवटी शस्त्रक्रियेच्या खोलीतल्या दृश्यांना हशा लावायचा नाही, अशी तडजोड झाली. त्यामुळे डॉक्टर रक्ताळलेल्या हातांनी विनोद करतात आणि त्याला कोणीही हसत नाही. आजही ते भाग पाहताना हशा बंद झालेल्या क्षणी पाठ आपोआप ताठ होते.

प्रश्न : ‘ॲबट एलिमेंटरी’चे तिसरे पर्व एवढे तोकडे का होते? कथा लवकर गुंडाळल्यासारखी वाटली.

उत्तर : कारण सरळ आहे. २०२३ मध्ये अमेरिकेतील पटकथालेखकांचा संप २ मेपासून २७ सप्टेंबरपर्यंत चालला आणि त्यातच जुलैपासून नोव्हेंबरपर्यंत नटांचाही संप झाला. त्यामुळे आधीच्या पर्वात २२ भाग असलेली ही मालिका तिसऱ्या पर्वात १४ भागांवर आली आणि ‘यंग शेल्डन’चे शेवटचे पर्वही तेवढेच झाले. लेखकांच्या मागण्या रास्त होत्या, असे माझे ठाम मत आहे. फिलाडेल्फियातील सरकारी शाळेची ही कथा जनीन आणि ग्रेगरी या दोन शिक्षकांच्या सावकाश उमलणाऱ्या प्रेमावर उभी आहे आणि असे प्रेम मुरायला काहीच विशेष न घडणारे भाग लागतात : वर्गातली बिघडलेली वस्तू, पालकसभा, जेवणाची सुट्टी. भाग कमी झाले की आधी नेमके हेच भाग गळतात. चौथ्या पर्वात भागांची संख्या पुन्हा २२ झाली आणि मालिकेचा श्वास पूर्ववत झाला.

प्रश्न : गेल्या काही वर्षांतले भव्य चित्रपट पाहून मी थकून जातो. तीन तासांची लांबी, कोसळणाऱ्या इमारती, कान किटवणारा आवाज. तुम्ही मात्र या चित्रपटांवर प्रेमाने लिहिता. तुम्हाला थकवा येत नाही का?

उत्तर : येतो, आणि कशाने येतो हे तुम्ही अचूक लिहिले आहे. पण लांबी आणि आवाज हे दोन दोष वेगळे करून पाहू. ‘ओपनहायमर’ जुलै २०२३ मध्ये आला; त्याची लांबी बरोबर तीन तासांची आहे आणि त्याचा बराचसा भाग बंद खोल्यांत बोलणाऱ्या माणसांचा आहे, तरी तो थकवत नाही. त्यातली १६ जुलै १९४५ ची अणुचाचणी आठवा. डोळे दिपवणारा प्रकाश पडतो आणि आवाज मात्र येत नाही. ऐकू येतो तो श्वास. प्रकाश तत्क्षणी पोहोचतो आणि ध्वनी मागे राहतो, हे शाळेतले भौतिकशास्त्र आहे; स्फोटापासून नऊ किलोमीटरवर उभ्या असलेल्या माणसापर्यंत आवाज यायला साधारण २७ सेकंद लागतात. दिग्दर्शक क्रिस्टोफर नोलन यांनी हे अंतर आणखी ताणले आहे. मी पाहिलेल्या खेळाला भरलेल्या चित्रपटगृहात त्या वेळी कोणी जागचे हललेसुद्धा नाही. मग जो आवाज येतो तो अंगावर आदळतो, कारण तोवर आपले कान रिकामे झालेले असतात.

ही रीत ब्लॉकबस्टरच्या जन्माइतकी जुनी आहे. २० जून १९७५ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘जॉज’साठी बनवलेला यांत्रिक शार्क समुद्राच्या पाण्यात वारंवार बिघडत असे, म्हणून स्टीव्हन स्पीलबर्ग यांना त्याला दाखवण्याऐवजी सुचवावे लागले. जॉन विल्यम्स यांच्या दोन स्वरांनी आणि पाण्याच्या पृष्ठभागावरून ओढल्या जाणाऱ्या पिवळ्या पिंपांनी ते काम केले. अडचणीतून सापडलेला हा संयम पुढे पैसा आणि संगणक हाताशी आल्यावर अनेकांनी सोडून दिला, याचे मला मनापासून वाईट वाटते.

ज्यांनी तो सोडला नाही, त्यांपैकी ‘गॉडझिला मायनस वन’ हा २०२३ चा जपानी चित्रपट तुम्ही जरूर पाहावा. दिग्दर्शक ताकाशी यामाझाकी यांनी अवघ्या ३५ कलावंतांच्या चमूकडून सुमारे ६१० दृश्यांचे दृक्‌परिणाम करून घेतले आणि मार्च २०२४ मध्ये त्यांना त्यासाठी ऑस्कर मिळाले. गॉडझिला आपला किरण सोडण्याआधी काय होते, ते पाहा. शेपटीकडून मानेकडे पाठीवरचे काटे एकामागून एक खटाखट वर येतात, निळे होतात आणि मग एकदम आत ओढले जातात. क्षणभर सारे निःशब्द होते. शहर त्यानंतर उद्ध्वस्त होते. स्फोटाचा लोळ उठल्यावरही कॅमेरा विध्वंस मोजत बसत नाही. तो काळ्या पावसात उभ्या असलेल्या आणि आपले माणूस गमावल्याने किंचाळणाऱ्या नायकाकडे वळतो. हिरोशिमानंतरच्या काळ्या पावसाची आठवण असलेल्या देशाने तो दाखवला आहे, हे ध्यानात ठेवून पाहिले तर या राक्षसपटाचे वजन कळते.

प्रश्न : ‘टॉप गन : मॅव्हरिक’ घरी पाहिला. चांगला वाटला, पण लोक म्हणतात तेवढा नाही. मोठ्या पडद्यावर न पाहिल्याने काही हुकले का?

उत्तर : हवेतली दृश्ये हुकली. कलाकारांना खऱ्या लढाऊ विमानांच्या मागच्या आसनावर बसवून, विमानात सहा कॅमेरे लावून ती टिपली आहेत. चेहऱ्याची कातडी ताणली जाते ती खऱ्या वेगाने, आणि त्याला मोठा पडदा हवा. पण चित्रपटातला सर्वांत सुंदर प्रसंग तुमच्या घरच्या पडद्यावरही तितकाच पोहोचला असेल. घशाच्या कर्करोगाच्या उपचारांत व्हॅल किल्मर यांचा आवाज गेला होता. त्यांचा आइसमन जुन्या सहकाऱ्याशी संगणकावर टंकून बोलतो आणि १९८६ च्या मूळ ‘टॉप गन’मधला त्याचा तोरा आठवणाऱ्यांना त्या कळांचा आवाजही जड जातो. अखेर तो उठून उभा राहतो आणि खरखरत्या आवाजात मोजकी वाक्ये बोलतो. किल्मर एप्रिल २०२५ मध्ये गेले. त्यानंतर मी तो प्रसंग पुन्हा पाहिला. शक्य असेल तर तुम्हीही पाहा.

प्रश्न : तुमची मागची उत्तरे वाचून असे वाटते, की तुम्हाला फक्त शांतता आवडते. ‘ॲव्हेंजर्स : एंडगेम’ पाहताना आम्ही गळा बसेपर्यंत ओरडलो, तो आनंद काय खोटा होता?

उत्तर : मुळीच नाही. मीही ओरडलो होतो. मात्र आपण कोणत्या क्षणी ओरडलो, ते आठवा. कॅप्टन अमेरिका तुटलेली ढाल हाताला आवळून अफाट सैन्यासमोर एकटा उभा असतो, धूळ खाली बसत असते आणि त्याच्या कानातल्या यंत्रात एक ओळखीचा आवाज खरखरतो. तो जे बोलतो ते शब्द आपण २०१४ च्या चित्रपटात, पहाटे धावणाऱ्या दोन माणसांच्या थट्टेत ऐकलेले होते. २००८ पासून ११ वर्षांत आलेल्या मार्व्हलच्या २२ चित्रपटांमधला हा शेवटून फार दूर नसलेला क्षण आहे आणि आपल्या आरोळीत ती सारी वर्षे होती. इतकी वाट पाहिल्यावर आलेल्या आनंदाला खोटे म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही.

माझी तक्रार त्यानंतरच्या चित्रपटांबद्दल आहे. समांतर विश्वांची सोय झाल्यापासून मेलेली पात्रे हवी तेव्हा परत येऊ लागली. २०१७ च्या ‘लोगन’मध्ये वुल्व्हरिन या महानायकाला दिलेला निरोप माझ्यासाठी महानायकांच्या साऱ्या चित्रपटांतला अत्यंत हृद्य निरोप होता, २०२४ चा ‘डेडपूल अँड वुल्व्हरिन’ त्याची कबर उकरून, त्याच्याच हाडांची शस्त्रे करून सुरू होतो. चित्रपटगृहात त्या वेळी मोठा हशा झाला. ह्यू जॅकमन यांनी पुढे त्या दुसऱ्या विश्वातल्या, स्वतःवरच चिडलेल्या वुल्व्हरिनला जीव ओतून उभे केले आहे आणि त्यांच्या कामासाठी मी तो चित्रपट पुन्हाही पाहीन. सुरुवातीच्या त्या दृश्यात मात्र मला हसता आले नाही, आणि पुढच्या वेळी मी पहिली दहा मिनिटे सोडूनच तो लावणार आहे.