घर पाहतात अनेक, मुक्कामाला येतात मोजके

प्रश्न : गंगापूर धरणाजवळचे आमचे दोन खोल्यांचे घर आम्ही सुट्टीसाठी भाड्याने देतो. संकेतस्थळावर ते दररोज अनेक जण पाहतात, परंतु आरक्षण क्वचितच होते. भाडे कमी करावे का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : भाड्याला एवढ्यात हात लावू नका. लोक पान उघडतात, म्हणजे पहिले छायाचित्र आणि दर त्यांना खटकलेले नाहीत. ते माघारी फिरतात ते बहुधा आत गेल्यावर शंका न फिटल्यामुळे. मुंबईहून सुमारे १७० किलोमीटर गाडी चालवत येणाऱ्या कुटुंबाला गाडी कोठे लावायची, आजोबांना किती पायऱ्या चढाव्या लागतील, जेवणाची सोय काय आणि त्र्यंबकेश्वर किती दूर आहे, हे विचारावे न लागता कळले पाहिजे. न्हाणीघराचे छायाचित्र अवश्य द्यावे. यजमान नेमके तेच टाळतात. स्वच्छतेचे शुल्क शेवटच्या टप्प्यावर एकाएकी दिसत असेल, तर ते दरातच मिसळावे. चौकशीला शक्यतो तासाभरात उत्तर द्यावे, कारण विचारणाऱ्याने आणखी दोन-तीन घरांनाही विचारलेले असते. द्राक्षहंगामात शनिवार-रविवारसाठी किमान दोन रात्रींची अट चालू शकते. पावसाळ्यात आडवारी मात्र ती काढून टाकावी.