सेकंड क्लास मिळाला म्हणून विषय सोडावा का?

"गुण घसरले, म्हणजे हा विषय माझा नव्हताच," असा निष्कर्ष काढून समुपदेशनाला येणारे विद्यार्थी मला दर वर्षी भेटतात आणि त्यांतील बरेचसे बारावीपर्यंत गणितात वर्गात पहिले आलेले असतात. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक विद्यार्थिनी वडिलांबरोबर आली, तेव्हा निर्णय जवळजवळ झालेलाच होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) बारावीला गणितात 96 गुण मिळवणाऱ्या या मुलीला रिअल अ‍ॅनालिसिसच्या (मर्यादा, श्रेणी यांचा काटेकोर विचार करणाऱ्या गणितशाखेच्या) पेपरात जेमतेम 52 गुण मिळाले होते. "मॅडम, अजून वेळ गेलेली नाही. बी.ए. करू दे नाहीतर स्पर्धा परीक्षांना बसू दे, पण काय ते एकदाचं ठरवून टाकू," असे वडिलांचे म्हणणे होते. मुलगी फारसे बोलली नाही. इतिहासही आवडतो, एवढेच तिने सांगितले.

थोरामोठ्यांची चरित्रे मी सहसा समुपदेशनात आणत नाही, कारण खचलेल्या मुलाला त्यातून बळ मिळण्याऐवजी आपल्या खुजेपणाची जाणीव होण्याचाच संभव अधिक असतो. इतिहासाचा उल्लेख झाला म्हणून मात्र मी तिला मेरी कार्टराइट यांच्याविषयी सांगितले. 1900 साली इंग्लंडमधील एन्हो या गावी जन्मलेल्या या गणितज्ञ विदुषीला शाळेत इतिहास फार आवडत असे, पण सनावळ्या आणि याद्या पाठ करण्याचा कंटाळा असल्याने त्या गणिताकडे वळल्या. 1919 मध्ये त्या ऑक्सफर्डच्या सेंट ह्यूज कॉलेजात दाखल झाल्या, तेव्हा पहिले महायुद्ध नुकतेच संपले होते, त्यात त्यांचे दोन थोरले भाऊ मारले गेले होते आणि आघाडीवरून परतलेल्या तरुणांनी व्याख्यानांच्या खोल्या इतक्या भरून जात की काही व्याख्यानांना त्यांना आत जागाच मिळत नसे आणि दुसऱ्याची टिपणे उतरवून घ्यावी लागत. दोन वर्षांनी झालेल्या परीक्षेत त्यांना दुसरा वर्ग मिळाला. गणित सोडून इतिहास घ्यावा का, याचा त्यांनी गंभीरपणे विचार केला आणि अखेर गणितच चालू ठेवले.

ही हकीकत मी येथेच थांबवली आणि मुलीला विचारले की तुझ्या वर्गात काय चालते. तेव्हा कळले की वर्ग भरगच्च असतो, ट्यूटोरियलचे तास बहुतेक बुडतात आणि येण्याजाण्यात रोजचे तीन तास जात असल्याने शेवटची व्याख्याने सोडून फळ्याचे फोटो मैत्रिणीकडून मागवावे लागतात. या परिस्थितीत मिळालेले 52 गुण हा त्या वर्षाचा हिशेब होता, त्यातून तिच्या कुवतीविषयी काही ठरवणे मला मान्य नव्हते. मग मी तिची वही पाहिली. पुढची पाने फोटोवरून सुवाच्य अक्षरात उतरवलेली होती, पण मागच्या बाजूला खाडाखोडीने भरलेली चार पाने होती. एक अधिक एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश अशा या न संपणाऱ्या श्रेणीची बेरीज, पदे शून्याकडे जात असूनही कोणत्याही मर्यादेत राहत नाही, हे तिने वाचले होते. पण विश्वास बसेना म्हणून ती कॅल्क्युलेटर घेऊन बेरीज करत बसली होती. बेरीज 5 च्या पुढे जायला 83 पदे लागतात, हे तिने स्वतः काढले होते. परीक्षेत याला गुण नव्हते. विषय आपला नाही म्हणणारी व्यक्ती असला उद्योग करत नाही, असे मी वडिलांना स्पष्ट सांगितले.

वडिलांचा आक्षेप रास्त होता. "पुढे त्या बाईंना कोणीतरी भेटलंच असेल ना? सगळ्यांना थोडंच भेटतं?" कार्टराइट यांना खरोखरच योग्य माणसे भेटली. एका परिचिताने सुचवलेला ग्रंथ त्यांनी वाचला, नामवंत गणितज्ञ जी. एच. हार्डी यांच्या सायंकाळच्या वर्गाला त्या जाऊ लागल्या आणि 1923 च्या अंतिम परीक्षेत त्यांना पहिला वर्ग मिळाला. तरीही वाट सरळ नव्हती. घरावर भार नको म्हणून त्यांनी चार वर्षे शाळांमध्ये शिकवले आणि 1928 मध्ये हार्डींकडे संशोधनासाठी परतल्या. पुढे 1938 मध्ये रडारच्या संदर्भात उद्भवलेल्या काही समीकरणांसाठी सरकारी रेडिओ संशोधन मंडळाने गणितज्ञांची मदत मागितली, तेव्हा गणितज्ञ जे. ई. लिटलवुड यांच्यासह त्यांनी व्हॅन डर पोल समीकरणावर (विद्युत मंडलांतील आंदोलनांचे वर्णन करणाऱ्या समीकरणावर) जे काम केले, त्यात समीकरणाची उत्तरेच कमालीची अनियमित असू शकतात हे दिसून आले. नियमबद्ध समीकरणांतूनही अनिश्चित भासणारे वर्तन कसे निर्माण होते याचा अभ्यास करणाऱ्या, आज केऑस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विषयाच्या पायाशी हे काम आहे. 1947 मध्ये त्या ब्रिटनच्या रॉयल सोसायटी या मानाच्या विज्ञानसंस्थेवर निवडून आलेल्या पहिल्या स्त्री गणितज्ञ ठरल्या. मुलीला मात्र मी ही शेवटची दोन वाक्ये सांगितली नाहीत. तिच्यापुढचा प्रश्न दुसऱ्या वर्गानंतरच्या दोन वर्षांचा होता.

ठरले ते साधेच होते. विषय बदलण्याचा निर्णय दोन सत्रे पुढे ढकलायचा, वसतिगृहात जागा मिळते का ते पाहायचे आणि खाडाखोडीची ती पाने घेऊन विभागातील एका प्राध्यापकांना भेटायचे. इतिहासाची पुस्तके वाचायला अर्थातच कोणाची हरकत नव्हती. प्राध्यापकांनी तिला आठवड्यातून एक तास देऊ केला, तोही तिने मागितला म्हणून. आपल्याकडे मुले हा तास मागतच नाहीत, ही माझी जुनी तक्रार आहे. पुढच्या पेपरात तिला 61 गुण मिळाले. वडिलांना ते अजूनही कमी वाटतात आणि त्यावर बोलण्यासाठी आता ते एकटेच माझ्याकडे येतात.