सिस्टिक फायब्रोसिसमधून मधुमेह झालाय, कधीतरी दारू घेतली तर चालेल का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वय 27, सीएफ (सिस्टिक फायब्रोसिस, अंगातले स्राव घट्ट करणारा आजार) लहानपणापासून, दोन वर्षांपूर्वी त्यातून मधुमेह, जेवणाआधी इन्सुलिन. ऑफिसातली मंडळी महिन्यातून एकदा ‘बसतात’ आणि तुम्ही कोल्ड्रिंकचा ग्लास धरून चखणा संपवता. डॉक्टरांना विचारावं तर शेजारच्या खुर्चीत आई. हे शेवटचं वाचून हसूच आलं. मी 34 वर्षांची आहे, माझी आई अजूनही त्या खुर्चीत असते.

मीही सीएफआरडीवालीच, म्हणजे सीएफमुळे मधुमेह झालेली. मी घेते. वर्षातून दोन-तीनदा, एक लार्ज, त्यावर नाही. पण म्हणून ‘चालेल, घ्या’ असं मी तुम्हाला लिहिणार नाही, कारण ते ठरतं तुमच्या लिव्हरवर आणि तुमचे रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत. मी सांगू शकते ते एवढंच, की सगळे घाबरतात ग्लासातल्या साखरेला आणि आपला घात होतो पहाटे चार वाजता.

माझा झाला तो सांगते. नऊ वर्षांपूर्वी, मे महिना, सांगलीला मावसभावाचं लग्न. हळदीच्या रात्री गच्चीवर आम्ही सगळी भावंडं. रम आणि कोला, दोन लार्ज. जेवण पचायला आपल्याला लागणाऱ्या एन्झाइमच्या कॅप्सूल खाली पर्समध्ये राहिलेल्या, जिने उतरायचा कंटाळा, म्हणून जेवण टाळलं आणि नुसते शेंगदाणे खात बसले. बारा वाजता शुगर पाहिली तर 281. एवढी शुगर घेऊन झोपायचं कसं, म्हणून चार युनिट इन्सुलिन मारलं आणि तिथेच गादीवर आडवी झाले. हुशारी केली असं वाटलं होतं मला.

पहाटे मी काहीतरी बरळतेय आणि गाऊन पिळून काढावा इतका भिजलाय, हे मावसबहिणीच्या लक्षात आलं. त्यावर निकाल लागला: ‘चढलीय तिला, झोपू दे.’ मग एका मावशीने उतारा म्हणून लिंबू पिळून, मीठ घालून पाणी आणलं. साखर नाही हं, मीठ! शुगर आहे ना पोरीला, साखर कशी द्यायची. ते मी निमूट प्यायले म्हणे. धाकटा मावसभाऊ तेव्हा फार्मसीच्या पहिल्या वर्षाला होता. त्याने माझ्या पर्समधलं मशीन काढून बोट टोचलं. 44. आचाऱ्याच्या पोत्यातून मूठभर साखर आणून पाण्यात ढवळून पाजली तेव्हा कुठे पंधरा मिनिटांत 70 च्या वर आले. तासाभराने परत 58. सकाळी हळद काढलेल्या नवरदेवापेक्षा माझा चेहरा पिवळा.

आता झालं काय होतं? रात्री पोटात अन्न नसताना रक्तातली साखर टिकवायचं काम लिव्हर करतं. साठवलेली साखर सोडतं, कमी पडली तर नवी बनवतं. दारू पोटात गेली की ती आधी निकालात काढायची, हे लिव्हरचं पहिलं काम होतं आणि नवी साखर बनवणं जवळजवळ बंद पडतं. ताशी साधारण 8 ग्रॅम अल्कोहोल ते फोडू शकतं. एक लार्ज, म्हणजे 60 मिली व्हिस्की किंवा रम, यात 20 ग्रॅमच्या आसपास अल्कोहोल असतं. एका लार्जला अडीच तास धरा, दोनला पाच. कोलातली साखर मात्र तासा-दीड तासात चढते आणि उतरते. बारा वाजता मला दिसले ते 281 कोलाचे होते, ते उतरणारच होते. त्यात वरून चार युनिट, पोट रिकामं आणि लिव्हर दुसऱ्याच कामात. हा खड्डा त्याच रात्री पडतो असंही नाही, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतसुद्धा पडू शकतो.

हे इन्सुलिन घेणाऱ्या कुणालाही लागू आहे. आपलं त्याहून थोडं वेगळं. सीएफमध्ये स्वादुपिंडाच्या नळ्या घट्ट स्रावाने तुंबतात आणि हळूहळू सगळं स्वादुपिंड वणांनी भरतं. (या आजाराचं नावच त्यावरून पडलंय. डोरोथी अँडरसन यांनी 1938 मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्याचं वर्णन केलं ते स्वादुपिंड पाहून. फुप्फुसांचा आजार म्हणून आपण ओळखतो ते नंतर.) त्यात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी जातात, तशा ग्लुकॅगॉन बनवणाऱ्याही मार खातात. शुगर खाली आली की लिव्हरला ‘सोड साखर’ असा निरोप देणारं संप्रेरक ते हेच. म्हणजे निरोप्या आधीच अशक्त आणि ज्याला निरोप द्यायचा तो दारूत गुंतलेला. बाहेरून दिलेलं ग्लुकॅगॉनचं इंजेक्शनही दारूनंतर नीट चालेलच असं नाही, त्यावर विसंबून राहू नका. तोंडाने ग्लुकोज किंवा साखर, आणि शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न ओतता सरळ दवाखाना.

ग्लुकोज म्हणजे ग्लुकोजच. चॉकलेट, बर्फी, पेढा नाही. त्यातल्या स्निग्धांशाने साखर उशिरा चढते, शिवाय आपल्याला त्यावर कॅप्सूल लागते आणि त्या अवस्थेत कॅप्सूल कोण मोजतंय. साध्या ग्लुकोजच्या पुडीला एन्झाइम लागत नाही.

यावर तुम्हाला आजूबाजूचे जे सल्ले देतील ते टाइप 2 वाल्या काकांचे असतील. ‘डायट कोलाबरोबर घे’, ‘त्या रात्री जेवू नकोस म्हणजे हिशोब जमेल’. आपल्याला हे उलटं पडतं. माझा मधुमेह नवा होता तेव्हा एका आहारतज्ज्ञ बाईंनी मला 1500 कॅलरीचा तक्ता दिला होता, तूप बंद, भात बंद. दोन महिन्यांत तीन किलो गेले, आणि सीएफमध्ये तीन किलो परत आणायला किती महिने लागतात ते तुम्हाला माहीत आहे. आपला मधुमेह मुळात इन्सुलिन कमी पडण्याचा. खाणं कमी करायचं नाही, खाण्याला पुरेल इतकं इन्सुलिन घ्यायचं. तेव्हा प्यायच्या दिवशी आधी जेवायचं, पोळी-भात सगळं, पूर्ण कॅप्सूल घेऊन, आणि मग ग्लास. बिअरने पोट भरून जेवण अर्धं राहतं, म्हणून मला बिअर आवडत असूनही मी ती सोडली.

बिअरचं आणखी एक. ‘बिअरच तर आहे’ म्हणणाऱ्याला हे गणित घाला: 650 मिलीची स्ट्राँग बाटली, 8 टक्के, म्हणजे साधारण 41 ग्रॅम अल्कोहोल. दोन लार्ज झाले. वर कर्बोदकं वेगळी.

झोपताना शुगर चढलेली दिसली तरी जेवणानंतरचं जादाचं इन्सुलिन मी त्या रात्री घेत नाही. डॉक्टरांनी मला दारूच्या रात्री 150 च्या वर राहूनच झोपायला सांगितलंय आणि शेवटचं काहीतरी खायला, बहुधा पोहे किंवा पोळी-तूप. तुमचा आकडा आणि तुमचे डोस वेगळे असतील, विशेषतः रात्रीचं लांब पल्ल्याचं इन्सुलिन असेल तर. ते आधी ठरवून ठेवायचं, गच्चीवर बसून नाही. दंडावर शुगर मोजणारा सेन्सर असेल तर कमी शुगरचा अलार्म चालू आहे ना बघा, आणि फोन सायलेंटवर नाही ना. नसेल तर तीनचा गजर लावून बोट टोचा.

आता लिव्हर, ज्यावर सगळं अडतं. जो घट्ट स्राव स्वादुपिंडात, तोच पित्ताच्या बारीक नळ्यांत. सीएफच्या 5 ते 10 टक्के लोकांत लिव्हर कडक होण्यापर्यंत, म्हणजे सिरोसिसपर्यंत मजल जाते, बऱ्याचदा लहान वयातच, आणि बाहेरून काही कळत नाही. ना कावीळ, ना दुखणं. म्हणून ‘मला काही त्रास नाही’ हे उत्तर धरायचं नाही. गेल्या वर्षभरातली लिव्हर फंक्शन टेस्ट, त्यात जीजीटी (लिव्हरचं एक एन्झाइम) बघितलं का, सोनोग्राफीत लिव्हर-प्लीहा कशी आहे, सांगितलं असेल तर फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी. यात काही वाकडं निघालं तर माझ्या मते विषय संपला, एक पेगही नाही. मी इथे सौम्य बोलणार नाही.

मॉड्युलेटर, म्हणजे सीएफच्या मुळावर काम करणारं ट्रायकाफ्टा किंवा तसलं औषध घेत असाल, तर त्याचाही ताण लिव्हरवर असतो, म्हणून तर ते चालू असताना रक्त तपासत राहतात. बुरशीसाठी इट्राकोनॅझोल किंवा व्होरिकोनॅझोल चालू असेल तर तो कोर्स संपेपर्यंत बंद. टीबीची औषधं चालू असली तरी बंद. आपल्याकडे सीएफच्या बऱ्याच पोरांच्या फाइलीत कधी ना कधी टीबीचा कोर्स सापडतो, मीही टीबी नसताना सहा महिने गोळ्या खाल्ल्यात. मेट्रोनिडाझोलबरोबर दारू नको हे केमिस्टही सांगतो. लिनेझोलिड या अँटिबायोटिकचं मात्र कुणी सांगत नाही: त्यावर असताना नळाची बिअर आणि रेड वाइन यांतल्या टायरामीन नावाच्या घटकामुळे रक्तदाब भडकू शकतो. आणि ज्यांना कॅप्सूल लागतच नाहीत, स्वादुपिंड अजून बऱ्यापैकी चालतंय, अशा सीएफवाल्यांना दारूने स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. तुम्ही कॅप्सूल घेता असं लिहिलंय, म्हणून लांबवत नाही.

मीठ-पाणी मात्र विसरू नका. 1948 च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये उष्णतेची लाट आली तेव्हा कोसळून दवाखान्यात आलेल्या मुलांत सीएफची मुलं जास्त निघाली, आणि त्यातूनच पुढे आपला घाम भलताच खारट असतो हे कळलं. दारूने लघवी वाढते, घामातून मीठ जातंच, वर नाचून घाम. शरीर कोरडं पडलं की कफ चिकट होतो आणि आतड्यात मळ अडकून बसायची भीती वेगळी. प्रत्येक ग्लासामागे एक ग्लास पाणी आणि झोपायच्या आधी ओआरएस. (म्हणजे मावशीचं लिंबू-मीठ पाणी अगदीच चूक नव्हतं, फक्त चुकीच्या वेळी आलं.) नेब्युलायझर आणि छातीची फिजिओ पिण्याआधी उरकून घ्या, नंतर होत नाही, हा माझा अनुभव. आणि सिगारेटींचा धूर असलेल्या बंद खोलीत ‘बसणं’ असेल तर पेगचा विचार नंतर, आधी खोली बदला.

आईचं कसं करायचं? मी एकदा डॉक्टरांना आत जातानाच चिठ्ठी दिली होती: ‘दोन मिनिटं एकटीला हवीत.’ त्यांनी आईला बाहेर रिपोर्ट आणायला पाठवलं. तुम्ही 27 चे आहात, इथे महाराष्ट्रात 25 ला कायद्यानेही मोकळे झालात, लाजण्यासारखं काही नाही. किती घ्यायचा विचार आहे ते डॉक्टरांना खरं सांगा, ‘कधीतरी’ म्हणू नका. महिन्यातून एकदा तीन लार्ज म्हणजे तीन लार्ज.

मित्रांपैकी सगळ्यांना सांगायची गरज नाही. एकाला सांगा, जो स्वतः पिणार नाही किंवा कमी पिणार आहे. त्याला मशीन वापरायला शिकवा, ग्लुकोजची पुडी कुठल्या खिशात आहे ते दाखवा आणि एक वाक्य पाठ करून घ्या: बरळायला लागलो तर आधी बोट टोच, मग ठरव चढलीय का. दारू चढलेला आणि शुगर उतरलेला माणूस सारखाच दिसतो, आणि दोघंही प्यायलेले असले तर वासही सारखाच येतो.

माझा तो माणूस म्हणजे तोच धाकटा मावसभाऊ. आता त्याचं स्वतःचं मेडिकल आहे, दोन मुलं आहेत. घरात कुठेही कार्य असलं आणि मी एक लार्ज घेतलाय हे त्याला कळलं की रात्री तीनला माझा फोन वाजतो. ‘किती?’ एवढंच विचारतो. मी बोट टोचून आकडा सांगते. 100 च्या वर असला तर तो न बोलता फोन ठेवतो.