पहिली नोकरी शोधतोयस ना, मग हे ऐक
बीकॉम झालं की सगळे पुण्याची एसटी पकडतात, तू जरा थांब. आधी आपल्या सांगलीतच बघ, मार्केट यार्डात हळदीचे एवढे व्यापारी आहेत, त्यांना जीएसटीचं काम येणारा पोरगा लागतोच, कुपवाड एमआयडीसीत पण स्टोअरला, अकाउंट्सला जागा निघतात पण जाहिरात येतेच असं नाही, सकाळी फाईल घेऊन गेटवर जायचं आणि वॉचमनला नीट विचारायचं, कुणाला भेटायचं ते तोच सांगतो. नॅट्स म्हणजे केंद्र सरकारची शिकाऊ उमेदवारांची योजना, तिच्या पोर्टलवर पण नाव टाक. वर्षभराची अप्रेंटिसशिप असते, स्टायपेंड कमी वाटेल पण शेवटी सरकारी सर्टिफिकेट मिळतं आणि अनुभवाच्या रकान्यात लिहायला काहीतरी येतं, पहिल्या वेळेला तेच लय महत्त्वाचं असतं बघ.

एक मात्र मनापासून सांगतो, ओरिजिनल मार्कशीट कुणाकडे ठेवू नकोस. मी ठेवली होती, दोन वर्षांच्या बाँडवर न वाचताच सही केली, आणि सोडायचं म्हटल्यावर त्या कागदांसाठी सात महिने हेलपाटे घातले. नोकरी लावतो म्हणून पैसे मागणाऱ्याला तर दारातूनच परत पाठव.

बायोडाटा एकाच पानाचा कर, टॅलीत काय काय येतं ते वरच लिही. झाला की मला पाठव, रात्री बसून बघतो.