सील दोनदा बदललं, तरी शॉकअप गळतोच!

प्रश्न : माझी २००४ची करिझ्मा २०१९च्या महापुरात बुडाली होती. तेव्हापासून उभीच होती, आता घरीच करायला घेतली आहे. पुढच्या शॉकअपची ऑइल सीलं (ऑइल अडवणाऱ्या रबरी कड्या) दोनदा बदलली, पण चार दिवस गाडी फिरवली की शॉकअपच्या चकचकीत पाइपावर पुन्हा ऑइल येतं. सील डुप्लिकेट असेल का? (सांगलीवाडी)

उत्तर : असूही शकेल, पण दोनदा तेच झालंय, तर आधी पाइपावर संशय घ्या. पुराचा गाळ डस्ट सीलखाली (ऑइल सीलवरच्या, धूळ अडवणाऱ्या रबराखाली) अडकून राहतो, तिथं गंज धरतो आणि क्रोमला बारीक खड्डे पडतात. खड्ड्याची कड सीलचा ओठ कापते. पाइप पुसून कापूस फिरवा. धागे अडकतील तिथं खड्डा.

सगळेच खड्डे त्रास देत नाहीत. डस्ट सीलला टेकवून पाइपाला प्लास्टिकची टाय बांधा, खराब रस्त्यावर एक चक्कर मारा, पुढचा ब्रेक दाबून बघा. टाय सरकेल तेवढ्याच पट्ट्यात सील फिरतं. त्याच्या वरचे, क्लॅम्पजवळचे खड्डे सोडून द्या. पट्ट्यात टाचणीच्या डोक्याएवढे एक-दोन असतील तर १००० नंबरच्या पेपरनं कड मोडा, थिनरनं पुसा, अरल्डाइट भरा आणि दुसऱ्या दिवशी २०००च्या वॉटर पेपरनं नखाला लागणार नाही इतकं सपाट करा. त्याहून जास्त असतील तर नवा पाइप, किंवा हार्ड क्रोम करून मूळ मापाला ग्राइंडिंग. नुसतं चकाकीचं क्रोम इथं टिकत नाही. खर्चाआधी पाइप जाड काचेवर लोळवून बघा. वाकडा असेल तर मधे फट दिसते.

शॉकअप पुरता खोला. पाणी शिरलेलं ऑइल दुधाळ चहासारखं दिसतं आणि तळाशी गाळ बसतो. नुसतं ओतून तो निघत नाही. खोलताना क्रम महत्त्वाचा. शॉकअप गाडीवर असतानाच तळाचा ॲलन बोल्ट सैल करा. स्प्रिंगचा दाब असेपर्यंत आतला रॉड धरून राहतो. नंतर बोल्टसोबत नुसता गरगर फिरतो. मग वरच्या टीचा (दोन्ही पाइप धरणाऱ्या कंसाचा) क्लॅम्प बोल्ट ढिला करून पाइपाच्या वरची टोपी अर्धा आटा सोडवा आणि मगच शॉकअप उतरवा. टोपी काढताना तोंड बाजूला ठेवा, स्प्रिंग ती उडवते.

सगळं रॉकेलनं धुऊन वाळवा. नव्या सीलचं माप जुन्यावर छापलेलं असतं : आतला व्यास, बाहेरचा व्यास, उंची. पाइपाच्या टोकावर प्लास्टिकची पिशवी चढवून, ओठाला ऑइल लावून सील सरकवा. सीलमधल्या बारीक स्प्रिंगची बाजू खाली, आकडे वर. मापाच्या पीव्हीसी पाइपनं चारही बाजूंनी सारखं ठोका. सर्क्लिप (सील जागेवर धरणारी तारेची कडी) खाचेत पुरती बसली नाही तर सील अजून आत जायचं आहे. तळाचा तांब्याचा वॉशर नवाच टाका.

ऑइल मॅन्युअलमध्ये असेल त्याच ग्रेडचं आणि तेवढंच. भरून पाइप दहा-बारा वेळा वरखाली करा, हवा जाऊ द्या. मग स्प्रिंग बाहेर, पाइप पूर्ण खाली दाबलेला, अशा स्थितीत काठापासून ऑइलपर्यंतचं अंतर पट्टीनं मोजा. दोन्हीकडे सारखं हवं. ‘थोडं जास्त असलेलं बरं’ म्हणून टाकलं की आतली हवेची जागा कमी होते, रस्त्यावरच्या खड्ड्यात दाब वाढतो आणि चांगलं सीलही गळायला लागतं. तुमच्याकडे हेही झालेलं असू शकतं. २०डब्ल्यू४० इंजिन ऑइल नको. शॉकअप सावकाश उठतो, लागोपाठ खड्डे आले की दबलेलाच राहतो.

बसवताना ॲक्सल, मडगार्ड आणि खालच्या टीचे बोल्ट ढिले ठेवून शॉकअप पाच-सहा वेळा दाबा, मग आवळा. हे टाळलं की पाइप पिळलेले राहतात.

प्रश्न : फेअरिंगचा (गाडीच्या प्लास्टिकच्या आवरणाचा) बोल्ट बसतो तो कान तुटलाय. अरल्डाइट लावलं, पण महिन्याभरात पुन्हा तिथंच तडा. काय करावं? (कराड)

उत्तर : कान का तुटला ते आधी बघा. बोल्टाच्या भोकात रबर आणि त्यात लोखंडी बुश (आखूड नळी) असायला हवा. बहुतेक जुन्या गाड्यांत बुश कधीच हरवलेला असतो. मग बोल्ट थेट प्लास्टिकलाच आवळतो, इंजिनचा सगळा थरथराट कानावर. बुश न घालता केलेली कोणतीही दुरुस्ती फुकट.

आतल्या बाजूला प्लास्टिक कोणतं, ‘एबीएस’ की ‘पीपी’, ते इंग्रजी अक्षरांत कोरलेलं असतं. एबीएस असेल तर त्याच प्लास्टिकचा चुरा काचेच्या बरणीत घ्या, जेमतेम बुडेल एवढं ॲसिटोन ओता, झाकून रात्रभर ठेवा. दाट पाक होतो. (जवळ शेगडी नको, खिडकी उघडी हवी.) तड्याच्या टोकाला ३ मिमीचं भोक पाडा, म्हणजे तो पुढं पळत नाही. मागून तडा ‘व्ही’ आकारात खरवडा, स्टीलची बारीक जाळी ठेवून पाक भरा आणि निदान २४ तास हात लावू नका. पीपी ॲसिटोननं विरघळत नाही, अरल्डाइटही त्याला धरत नाही; पीपीच्याच काडीनं वेल्डिंग करून घ्या.

रंग मात्र पाऊस संपल्यावर. आपल्याकडच्या दमट हवेत लॅकर पांढरट पडतं.

प्रश्न : आरएक्स १०० चा सांगाडा पावडर कोटिंगला (भट्टीत भाजून बसवलेल्या पावडरच्या रंगाला) देतोय. पासिंगला अडचण येईल का? (सातारा)

उत्तर : चासी नंबर बुजला तर नक्की येईल. रंगाआधीच्या ब्लास्टिंगनं (गंज काढणाऱ्या वाळूच्या माऱ्यानं) अंक झिजतात, पावडरच्या जाड थरानं बुजतात. देण्याआधी नंबराचा फोटो आणि पेन्सिलचा छाप घ्या, त्या जागेवर उष्णता सोसणारी टेप लावायला सांगा आणि नंतर तिथं हातानं पातळ रंग मारा. टाकीचा रंग आरसीवर आहे तोच ठेवा. बदलायचा असेल तर आरसीवर नोंद करून घ्यावी लागते.